गुडघ्याखाली चार बोटं

बटणाला चार भोकं होती आणि दोरा त्यातल्या दोनांतूनच गेला होता. मोरेश्वरनं ती नवी सुती पँट खिडकीपाशी नेली, उजेडात धरली, अंगठ्यानं बटण एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे फिरवलं – सुटणार. आज नाही, उद्या नाही, पण आठवड्याच्या आत सुटणार, आणि सुटायचं ते नेमकं तिकडे झांजिबारला, लेकीच्या दारात सुटणार… एकतीस वर्षं जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका एक्सपोर्टच्या कारखान्यात त्यानं परदेशी बायकांचे कपडे तपासले होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी डोळ्यांची खोड काही जात नव्हती. लग्नाच्या पंगतीतसुद्धा याचं लक्ष ताटापेक्षा समोरच्याच्या कॉलरीकडे.

पलंगावर बॅग उघडी पडली होती. तिचा अर्धा भाग सुधानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, काल तासाभरात भरून टाकला होता. सहा साड्या, लेकीसाठी गोडा मसाला, मेतकूट, झालं. साडी कुठल्याही देशात चालते, तिला कोण काय म्हणणार, असं म्हणून ती चिवडा करायला मोकळी झाली होती. उरलेला अर्धा भाग सकाळपासून रिकामा होता, कारण तो भाग याचा होता आणि याला यादी आली होती.

यादी लेकीनं, अमितानं पाठवली होती. पाण्याच्या कसल्याशा प्रकल्पावर ती सहा वर्षं तिकडे होती आणि या सहा वर्षांत तिनं पहिल्यांदाच या म्हटलं होतं. या – म्हणजे आईलाच म्हटलं असणार, आपण आपले बॅगेबरोबर, असं मोरेश्वरच्या मनात येऊन गेलं होतं. तिकिटं काढली त्या दिवशीही आलं होतं आणि आज पुन्हा आलं. मोबाइल उशीवर ठेवून त्यानं ती यादी सहाव्यांदा वाचली. वर लिहिलं होतं, ‘पप्पांसाठी’. पँट सैल आणि सुती. हाफ पँट फक्त घरात, आणि तीसुद्धा गुडघ्याखाली चार बोटं. बनियनवर गॅलरीत यायचं नाही. शर्टाला बाह्या हव्यात, कापड आरपार दिसणारं नको. समुद्रावर पर्यटक कसेही फिरतात, त्यांचं बघून आपण तसं करायचं नाही, आपण राहतो ती जुन्या वळणाची वस्ती आहे. आणि शेवटी – ‘घरमालक म्हातारे आहेत, खालीच राहतात. तुम्ही आठ दिवसांनी परत जाल पप्पा, पण मला इथं राहायचंय.’

वाचताना त्याच्या अंगात काय होतं? बाह्या नसलेलं बनियन आणि मांडीच्या मध्यावर संपणारा निळा बर्म्युडा. मे महिन्यात जयपूरला दुसरं काय घालवतं माणसाला! विद्याधर नगरात राहायला आल्यापासून उन्हाळ्याचे तीन महिने तो याच अवतारात दुधाच्या बूथवर जात होता, गच्चीवर टाकीतलं पाणी बघत होता, दारात उभं राहून शेजारच्यांशी राजकारण बोलत होता. त्याच्या गुडघ्यांबद्दल आजवर कुणी चकार शब्द काढला नव्हता. आपल्याला गुडघे आहेत हेच मुळी त्याला त्या यादीनं सांगितलं.

पहिल्यांदा राग आला. बापाला कपडे शिकवते! एकतीस वर्षं ज्यानं टेप लावून शिलाया मोजल्या त्याला बोटांची मापं सांगते! तो तरातरा स्वयंपाकघरात गेला आणि यादी मोठ्यानं वाचून दाखवली. सुधा पोह्यांवरून नजर न काढता हसली आणि म्हणाली, आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, जन्मभर तेच केलंत की, आता झाका थोडं. ती सहज बोलली होती. निदान त्याला तरी तसंच वाटलं… की सहज नव्हती बोलली?

मला इथं राहायचंय.

हे वाक्य त्याच्या ओळखीचं होतं. सहाही वेळा ते वाचताना आत काहीतरी अडखळत होतं ते यामुळेच – ते त्याचंच वाक्य होतं. आपण बाहेरगावची माणसं, इचलकरंजीहून इथं पोटासाठी आलेलो, आपल्याला या गल्लीत राहायचंय. कितीदा म्हणाला असेल. त्या दिवशीही म्हणाला होता, नंतर, रात्री जेवताना, कुणी काही विचारलेलं नसताना.

लहानपणी अमूला नवा फ्रॉक आणला की ती घालून आधी त्याच्यापुढे यायची, हात पसरून स्वतःभोवती एक गिरकी घ्यायची आणि विचारायची, पास? मग तो खिशातला टेप काढायचा, उगाच बाही मोजायचा, घेर मोजायचा, कपाळाला आठ्या घालून बराच विचार केल्यासारखं करायचा आणि शेवटी म्हणायचा, पास! ती खिदळायची. दिवाळीला, वाढदिवसाला, शाळेच्या गॅदरिंगला, वर्षानुवर्षं हा खेळ चालला होता. मग बारावीचा निरोपसमारंभ आला. मुलींचं काय घालू, काय घालू चाललं होतं आणि अमू खोलीतून बाहेर आली ती पांढऱ्यावर निळी बुट्टी असलेल्या, बिनबाह्यांच्या झग्यात. खांद्यावर सव्वा इंचाची पट्टी. त्यानं ती लांबूनच ओळखली – सव्वा इंचच, कारण त्या महिन्यात तसले चार हजार नग त्यानं स्वतः पास केले होते. उरलेल्या मालातून त्यानंच घरी आणलेल्या गठ्ठ्यात तो झगा आला होता, उशांचे अभ्रे करायला म्हणून. पोरीनं तो रात्री बसून स्वतःच्या मापाचा करून घेतला होता. दारात दोन मैत्रिणी स्कूटीवर थांबल्या होत्या. समोरच्या गॅलरीत शेजारीण कपडे वाळत घालत होती. अमूनं गिरकी घेतली आणि विचारलं, पास?

कारखान्यात नगात खोट दिसली की तिथं लाल कागदाचा एक छोटा चिकट बाण लावतात. बाणाचं टोक खोटीकडे. शिवणारीनं मग बोलायचं नाही, विचारायचं नाही, बाण बघायचा आणि उसवून परत शिवायचं. त्या बाणांची गुंडाळी कायम त्याच्या खिशात असायची. त्यानं एक बाण काढला आणि पोरीच्या उघड्या खांद्यावर लावला.

मैत्रिणी हसल्या. तोही हसला. मी गंमतच केली होती ना? मी ओरडलो नाही, हात उगारला नाही, इतर बाप करतात तसला तमाशा केला नाही… आणि ते टोक कापडावर नव्हतंच, मोरेश्वरला आत्ता, सोळा वर्षांनी, पँट हातात धरून उभा असताना दिसलं. टोक कातडीवर होतं. अमू हसली नव्हती. बाण तसाच खांद्यावर घेऊन ती आत गेली आणि बऱ्याच वेळानं मनगटापर्यंत बाह्या असलेला कुडता घालून त्याच्याकडे न बघता निघून गेली. पोरगी शहाणी आहे, एका इशाऱ्यात समजते, असं त्यानं सुधाला त्या रात्री कौतुकानं सांगितलं होतं. त्यानंतर तिनं कधी पास विचारलं नाही. मोठी झाली, पोरी मोठ्या झाल्या की बापापासून लांब होतात, असं धरून तो चालला. फोनवर तब्येत कशी, बीपीची गोळी घेतली का, एवढं विचारते आणि मग म्हणते, आईला द्या. तो देतो.

त्यानं बर्म्युडा उतरवला आणि पँट चढवली. वर यादीबरहुकूम पूर्ण बाह्यांचा शर्ट. कूलर समोर होता तरी पाठीवरून घाम ओघळला, कापड मांड्यांना चिकटलं. कपाटाच्या आरशात एक पोट सुटलेला, ओशाळलेला म्हातारा उभा होता. इतकी वर्षं कपडे पाहिले, त्याला वाटलं, हँगरला लटकलेले, टेबलावर पसरलेले. त्यांच्या आत कुणी असतं आणि त्याला कुणीतरी बघत असतं, हे काही आपल्या खात्यात येत नव्हतं. आता त्याला सारखं वाटत होतं की कुठंतरी चुकलंय, शर्ट आखूड आहे, पँट घट्ट आहे, तिच्या घरमालकापुढे आपण उभे राहू आणि तिची मान खाली जाईल.

तेवढ्यात सुधा मोबाइल घेऊन आत आली. स्क्रीनवर अमिता दिसत होती, तिची तिकडे जेवणाची सुट्टी होती. बघ गं, तुझा बाप नवरदेवासारखा उभाय, म्हणून सुधानं फोन आरशाला टेकवला आणि चिवडा लागेल म्हणून निघून गेली. बापलेक समोरासमोर राहिले. अमिताच्या गळ्याभोवती ओढणी होती, बाह्या मनगटापर्यंत होत्या. त्याची नजर सवयीनं तिच्या खांद्याच्या शिलाईवर गेली, आणि चटका बसल्यासारखी त्यानं ती मागं घेतली.

“पप्पा, जरा मागं वळा,” ती म्हणाली.

तो वळला. हात कुठं ठेवायचे ते कळेना. पाठीमागं ती बघत होती, किती वेळ कोण जाणे, आणि तो पोट आत ओढून उभा होता. एकसष्टाव्या वर्षी, स्वतःच्या पोरीपुढे.

“त्यात उकडत नाही ना तुम्हाला?”

एवढंच तिनं विचारलं. तो परत वळला. नाही, छान आहे, मतलब, मोकळं आहे, असं काहीतरी बोलला. ठीक, मग हेच दोन-तीन जोड घ्या, असं म्हणून तिनं घड्याळाकडे पाहिलं. आईला द्या, हे आता येणार. ते यायच्या आत त्याच्या तोंडून निघून गेलं –

“अमू, त्या दिवशी मी…”

पुढचं येईना. तिनं विचारावं, त्याला वाटलं, तिनं फक्त विचारावं, कुठल्या दिवशी? म्हणजे मग काही नाही गं म्हणून हसता येईल. ती स्क्रीनवरून त्याच्याकडे बघत राहिली. मागं कुठंतरी दार वाजलं तरी तिनं मान वळवली नाही.

“या तुम्ही,” ती हळूच म्हणाली. “आलात की बोलू.”

फोन बंद झाल्यावर तो तसाच पलंगाच्या कडेला बसला. कुठल्या दिवशी, असं तिनं विचारलं नव्हतं. विचारायची तिला गरजच नव्हती. म्हणजे एवढी सगळी वर्षं… दरवेळी आईला द्या म्हणताना… आत सुधा विचारत होती, झाली का बॅग. लेकीची अशी भीती त्याला कधी वाटली नव्हती. विमान अजून तीन दिवसांनी होतं आणि आत्ताच्या आत्ता, या घामेजल्या कपड्यांनिशी, निघावंसं वाटत होतं.