कुंभारणीच्या मडक्यात काय होतं

मुलांनो, क्षणभर माझ्याबरोबर एका रिकाम्या गोदामात चला. दोनशे माणसं दाटीवाटीनं बसली आहेत. टेबलावर कुंभारीण माशीनं बांधलेलं बोराएवढं मातीचं मडकं आहे आणि त्यात हिरवी अळी, निपचित, पण जिवंत.

"समाधी!" गुणगुणून रोग बरे करतो म्हणणारे गुंजनबाबा गरजतात. ओल्या मातीनं मडक्याचं तोंड लिंपतात आणि वर भुंग्यासारखे घुमतात. मग तीन आठवड्यांपूर्वी लिंपलेलं दुसरं मडकं पुढे येतं. ते फुटतं, आतून माशी उडते. टाळ्याच टाळ्या!

"अळीचा देह बदलला, मग तुमची फुप्फुसं काय चीज आहेत? फक्त पोटात गोळ्या असल्या तर माझं गुंजन लागू पडत नाही हं!" पळवाट आधीच तयार.

पहिल्या रांगेत एक शिवणकाम करणारी बाई खोकत होती. क्षयाच्या गोळ्या तिनं नऊ दिवसांपूर्वी सोडल्या होत्या. तिची मुलगी माझ्या वर्गात. पोरं तिला 'कशावरून' म्हणत, कारण तिचा प्रश्न ठरलेला.

"आईला समजाव ना गं," मी म्हणालो.

"समजावलं, सर. आई म्हणते, तुझ्या सरांनीच शिकवलंय."

खरं होतं. कुंभारीण माशी अळीभोवती गुणगुणते आणि अळीची माशी होते, असं मीच वर्गात रंगवून सांगितलं होतं. तेव्हा हिनं विचारलं होतं, "कशावरून?" आणि मी खेकसलो होतो, "बस खाली! सगळ्यांना माहीत आहे." मी स्वतः एकही मडकं उघडून पाहिलं नव्हतं. त्या खोकल्यात माझाही वाटा होता.

"आमच्या शिलाई मशीनखाली तसलंच मडकं आहे," ती म्हणाली. "चार दिवसांपूर्वी माशीनं बंद केलं. फोडू?"

तिच्या घरी तिनं सुईनं माती उकरली, मी भिंग धरलं. आत दोन लुळ्या अळ्या होत्या. तिसरी अर्धीच उरली होती आणि तिला चिकटून एक पांढरं, बिनपायांचं पिल्लू खात होतं.

मग पुस्तकही चाळलं आणि सगळा उलगडा झाला. माशी आत अंडं घालते, अळ्यांना नांगी मारून लुळं करते आणि पिल्लासाठी ताजा शिधा म्हणून कोंडते. अळी बदलत नाही, खाल्ली जाते. जी उडते ती माशीची लेक.

दुसऱ्या दिवशी गोदामात मी उभा राहिलो. "चूक माझी आहे. न बघता शिकवलं."

"मास्तर, श्रद्धेशिवाय दिसायचं नाही!" बाबा ओरडले.

"भिंगातून दिसतं की," म्हणत 'कशावरून'नं बाबांनीच लिंपलेलं एक मडकं उचलून फोडलं. माणसं वाकून बघू लागली; आत तसंच पांढरं पिल्लू अळी खात होतं. बाबांचं घुमणं बंद पडलं.

मुलांनो, मोठ्यांनी सांगितलं एवढ्यावर काहीही खरं मानू नका. माझं सांगणंही नाही.

'कशावरून' मात्र गर्दीकडे बघत थांबली नाही. तिनं आईला दंडाला धरून उठवलं आणि मला म्हणाली, "दवाखाना पाचला बंद होतो, सर. सायकल काढा."