टाळी वाजेपर्यंत

बर्फाच्या लादीच्या कडेला गोठलेला भुशाचा एक कण… थोरलीची नजर मघापासून तिथंच चिकटली होती, कारण जरा वर गेली असती तर धाकटीची पावलं दिसली असती.

तापत चाललेल्या पृथ्वीविषयीचं नृत्य, उद्या पहिला प्रयोग, आणि शेवटी धाकटी अनवाणी बर्फावर निश्चल उभी. तीन मिनिटं. चौथं नाही, डॉक्टरांनी बजावलं होतं. गेल्या आठवड्यात दोन बोटं पांढरी पडली होती, पुन्हा पडली तर त्यांत जीव येईलच असं नाही. पण तालमीचा नियम थोरलीचा, बारा वर्षांचा: तिची टाळी वाजेपर्यंत जागा सोडायची नाही. काहीही झालं तरी.

तीन मिनिटं झाली. तिचे हात वर आले, आणि तेवढ्यात धाकटीच्या गुडघ्यात ते थरथरणं सुरू झालं. महिनाभर तिनं ते मागितलं होतं. ‘खोटं थरथरतेस’ असं सगळ्यांदेखत सुनावून पोरीला रडवलं होतं. आता ते खरं आलं होतं – पोटरीतून मांडीत, मांडीतून पाठीत, थेट हनुवटीपर्यंत – आणि इतकं सुंदर होतं की तिचे तळहात हवेतच राहिले. तालाचं एकच आवर्तन, फक्त एक… लहानपणीचा पुतळ्याचा खेळ, ‘सुटलीस’ म्हटल्याशिवाय हलायचं नाही; भर उन्हात धाकटीला उभं करून ती घरात गेली होती आणि आईचा मार खाताना म्हणाली होती, विसरले. विसरले कसली! पडद्याआडून बघत होते मी. एवढीशी पोर, नाकावरची माशीही हाकलत नव्हती. आणि मला काय वाटलं होतं? दया? छे. मजा वाटली होती.

“ताई, पाच मिनिटं होत आली,” कोपऱ्यातले वादक पुटपुटले.

“वाजवा तुम्ही.”

प्रयोगाच्या पत्रिकेत तिनंच लिहिलं होतं, सोसणारा बोलत नाही म्हणून माणूस थांबत नाही. छान वाक्य. लिहायला दहा मिनिटं लागली होती.

मग टाळी वाजली.

धाकटी खुर्चीत कोसळली. ओठ निळे, चेहरा मात्र उजळलेला. “आज जमलं ना गं ताई?”

“जमलं.”

“जास्त वेळ झाला का? मला आपलं वाटलं…”

“तीनच मिनिटं. तुला उगाच वाटतं.”

वादकांनी मान खाली घातली. धाकटीनं पायाच्या करंगळीत नख रुतवलं आणि हसली. “बघ, काहीच लागत नाहीये. जीव येईल ना परत?”

“येईल की. भित्री भागूबाई कुठची!”

थोरलीनं खाली बसून ती पावलं टॉवेलात गुंडाळली, मांडीवर घेतली. लाकडासारखी लागली. आता लाज वाटेल, आता घसा दाटून येईल… ती अगदी प्रामाणिकपणे वाट पाहत होती. मनात आलं ते एवढंच, की डावीकडचा दिवा थोडा खाली घेतला तर उद्या हे थरथरणं शेवटच्या रांगेलाही दिसेल. आणि तिला हलकं, फार हलकं वाटलं.