शिवणीतलं कापड

थोरलीने कोट उलटा करून शिंप्याच्या टेबलावर आपटला आणि बगलेखालची शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणून धरली.

"ही उसवा. दोन्ही बाजूंनी. दुपारी मुलाखत आहे माझी."

शिंप्याने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि शिवणीवरून बोट फिरवलं.

"उसवून काय करू, बाई? आत मार्जिनच नाही."

"नाही म्हणजे? दरवेळी तुम्हीच सोडून देता ना?"

"तेव्हा आत जादा कापड होतं. आता कापलंय."

"कुणी?"

शिंपी सुईत दोरा ओवू लागला. सुई आधीच ओवलेली होती, त्यामुळे थोरलीला काय ते कळलं.

हा कोट म्हणजे दोघी बहिणींत एक. थोरली अंगाने भरलेली, धाकटी चिपाड. धाकटीने घालायचा झाला की बाजूच्या शिवणी आत जात, थोरलीने घालायचा झाला की बाहेर येत. मुळात तो धाकटीने शिवून घेतला होता, हे खरं. पण थोरलीने तो एकदा घालून पाहिला आणि तेव्हापासून तो थोरलीच्या कपाटात मुक्कामाला आला. धाकटी तो मागून नेई. "माझा कोट नेतेयस, बटणं सांभाळ," असं थोरली तिला दरवेळी बजावी आणि बजावताना तिची जीभ जराही अडखळत नसे. धाकटीच्या अंगावर कुठलाही कपडा टांगल्यासारखा दिसतो, हेही ती चारचौघांत सांगे. "आणि तोच मी घातला की बघा," असं वर.

पण आज गंमत नव्हती. थोरली शाळेत शिकवत होती आणि मुख्याध्यापिकेची जागा दुसऱ्यांदा रिकामी झाली होती. मागच्या वेळी ती एका नवख्या बाईला मिळाली. समितीतल्या एकाने जाता जाता थोरलीला सांगितलं होतं, "तुमच्या कामात खोट नाही हो, पण त्या खुर्चीत बसणारी बाई जरा तशी दिसायला हवी." ते वाक्य तिने गिळलं होतं, पण पचलं नव्हतं. या वेळी कोट घालूनच जायचं, असं तिने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

गल्लीच्या टोकाला चष्म्याचं दुकान होतं. तिथे धाकटी एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकासमोर आरसा धरून उभी होती. अंगात निळं जाकीट, तेही नेहमीसारखं दोन्ही कुशींत फुगलेलं. थोरलीने कोट काउंटरवर, चष्म्यांच्या फ्रेमांवरच टाकला.

"तू कापायला लावलंस?"

धाकटीने आरसा हलू दिला नाही. "नाकावर टोचतोय का, काका?"

"मी तुझ्याशी बोलतेय."

"ऐकतेय ना. हो, लावलं."

"का?"

"एक तरी कपडा माझ्या मापाचा असावा म्हणून."

"आणि मुहूर्त कुठला, तर माझ्या मुलाखतीचा!"

"तुझं काही ना काही असतंच, ताई. तुझ्या सवडीने थांबले असते तर म्हातारी झाले असते."

"लहानपणापासून तुझं हेच. माझं उचलायचं आणि वाट लावून परत आणायचं. माझी शाल, माझा स्वेटर, आता हा कोट."

"तुझा?" धाकटी हसली. त्या हसण्यात गंमत नव्हती. "बरं. तुझा."

"चोर तो चोर, वर शिरजोर!"

गिऱ्हाईक चष्म्यासकट उठू लागलं. "मी नंतर येतो."

"बसा हो," दोघी एकदमच म्हणाल्या, आणि ते बसलं.

धाकटीने अंगातलं निळं जाकीट काढलं. आवाज थंड होता.

"घे. मुलाखत आहे ना? हे घालून जा."

"मला होणार आहे का हे? टिंगल करतेस?"

"होईल. शिंप्याकडे ने."

जाकीट थोरलीच्या खांद्यावर येऊन पडलं. धाकटीने फ्रेमांवरचा कोट उचलून अंगात घातला, कॉलर सारखी केली आणि पुन्हा आरसा हातात घेतला. कोट तिच्या अंगावर असा बसला होता, की जणू इतकी वर्षं तो तिचीच वाट पाहत होता. "हा तुम्हाला शोभतो हां," गिऱ्हाईक म्हणालं. थोरलीने तिकडे पाहायचं टाळलं, जाताना दार जोरात आपटलं आणि तडक शिंप्याकडे परतली.

"घ्या, आता हे बघा," ती शिंप्याला म्हणाली. "होईल म्हणते. हिच्या अंगाचं मला होईल!"

शिंप्याने जाकीट उलटं केलं आणि पात्याने एका बाजूची शिवण उसवली. आतून चांगलं चार बोटं कापड निघालं. दुमडून, हातशिलाईने जागच्या जागी नीट धरून ठेवलेलं.

"हे काय?"

"मार्जिन. आरामात होईल तुम्हाला."

"एवढं? जाकीट नवंच आहे ना?"

"मागच्याच थंडीत शिवलं."

"मग एवढं कापड आत कोंबायचं काम काय? फुगा येतो त्याने. गबाळं दिसतं."

"मी सांगून थकलो." शिंप्याने दाताने दोरा तोडला. "धाकट्या ताई ऐकतच नाहीत. सगळं असंच शिवून घेतात. म्हणतात, राहू दे, ताईला आवडलं की ती नेणारच. तेव्हा तिला लागेल."

त्याने हे हवापाण्याच्या गोष्टी सांगाव्यात तसं सांगितलं आणि दुसरी शिवण उसवायला घेतली.

थोरलीला आधी रागच आला. म्हणजे आपण मागायच्या आधीच हिने आपल्याला मागतकरीण ठरवलं! मग तिला शाल आठवली, स्वेटर आठवला, आणि दोन्ही पहिल्यांदा कुणाच्या अंगावर पाहिली होती तेही आठवलं. राग गेला नाही. फक्त तो कुणावर काढायचा, ते तिला समजेना. तिने ते दुमडलेलं कापड चिमटीत धरलं. बाहेरचं निळं वर्षभरातच जरासं उतरलं होतं, आतलं अजून कोरं करकरीत होतं.

"बसा, इस्त्री मारून लगेच देतो," शिंपी म्हणाला.

"नको. परत शिवा."

"अहो, पण मुलाखत..."

"तिचं माप आहे ना तुमच्याकडे? तिच्या अंगाला नीट लागेल असं शिवा. आणि हे आतलं कापून टाका."

शिंप्याने कात्री उचलली, पण चालवली नाही. "एकदा कापलं की पुन्हा तुमच्यासाठी सुटायचं नाही, बाई. विचार करा."

"कापा म्हटलं ना!"

कात्री चालली. एक पट्टी खाली पडली, मग दुसरी. तोवर थोरली हलली नाही. मग तिने शाळेतल्या आपल्या रोजच्या स्वेटरच्या बाहीवरचा खडू झटकला, केस मागे सारले आणि दाराकडे निघाली.

"धाकट्या ताईंनी विचारलं तर काय सांगू?" शिंप्याने मागून विचारलं.

थोरली पायरीवर थांबली.

"सांगा, मला झालं नाही."