घासून गोरी केलेली गाळणपाटी

मित्रांनो, माझं वय झालं आहे आणि माणसांविषयी माझं मत काही फारसं बरं नाही. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकलेल्या बऱ्या, नंतर कुणी तोंड वाकडं करायला नको. मी पाणी गाळणारी पाटी आहे. चिनीमातीची, तुमच्या वहीपेक्षा थोडी लांब, बोटभर जाड, आतून पोकळ. कागदोपत्री मला मेम्ब्रेन म्हणतात. पाणीशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या टेबलावर मी पांढरीशुभ्र बसलेली असते. शाळेच्या सहली येतात. मुलं आत शिरली की पहिलं बोट माझ्याकडे, "ही बघ, किती छान!" माझ्या शेजारी बशीत एक काळं, मळकं फडकं असतं. त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. यावरून काय ते समजा.

भट्टीतून भाजून निघाले तेव्हा मी अशीच पांढरी होते आणि अशीच बिनकामाची. अंगभर छिद्रं, इतकी बारीक की डोळ्यांना दिसू नयेत. गाळ अडेल, जंतू अडतील, पण पाण्यात विरघळलेलं औषध अडायचं नाही. म्हणून मला मँगनीज नावाच्या धातूच्या लेपात बुडवलं, पुन्हा भाजलं, आणि मी तव्याच्या बुडासारखी काळीकुट्ट झाले. तो लेप म्हणजेच मी. बाकीची नुसती माती.

औषध पाण्यात कुठून आलं, असं साळसूदपणे विचारू नका. तुम्ही तापाची गोळी घेता. ताप उतरतो, गोळीला तुम्ही विसरता. तिच्यातलं थोडं तुमच्या अंगातून बाहेर पडतं, मोरीतून गटारात जातं आणि गटारातून तलावात. उरलेली बाटली मोरीत ओतून वर ती विसळणारे तर शहाण्यांचे शिरोमणी. देवानं पाण्याला रंग दिला नाही, तो तळ दिसावा म्हणून. माणसानं त्याचा अर्थ काढला की काहीही ओता, कळत नाही. आणि त्याच तलावाचं पाणी पुन्हा नळाला येतं.

आमच्या टाकीत त्या पाण्याबरोबर थोडं पेरॉक्साइड सोडत. जखमेवर घातल्यावर फेसाळतं, तेच. औषध आणि पेरॉक्साइड एकाच पाण्यात शेजारी शेजारी पोहत असतात, कुणी कुणाच्या अध्यात ना मध्यात. माझ्या काळ्या अंगाला टेकले की मात्र जुंपते, आणि औषधाचे तुकडे तुकडे होतात. शास्त्रात माझ्यासारखीला उत्प्रेरक म्हणतात. सोपं करून सांगते. गल्लीत एखादी मावशी असते बघा, दोघांत भांडण लावून देते आणि स्वतःचा पदर न चुरगळता पुढच्या घरी जाते. तशी मी. लेप झिजायचा नाही, संपायचा नाही. फक्त त्याला हात लावायचा नाही, एवढंच माणसांना सांभाळायचं होतं.

आम्ही चाळीस बहिणी होतो. तीन वर्षं पाण्याखाली उभं राहून काम केलं. कौतुक कुणी केलं नाही, आणि माझी तक्रारही नव्हती. दर सोमवारी प्रयोगशाळेतल्या ताई आमच्यातली एक वर काढत, तिच्यावर पेरॉक्साइडचा थेंब टाकत. फेस फसफसून वर आला की म्हणत, "जागी आहेस ना गं बाई," आणि परत पाण्यात सोडत. पंपवाले काका शेजारी देवाचं नाव गुणगुणत झडपा फिरवत. या दोघांपुरतं माझं मत जरा बरं होतं.

काका टेकडीखालच्या वस्तीत राहत. त्या उन्हाळ्यात वस्तीची विहीर आटली आणि आमच्या टाकीतून तिथे नवी पाइपलाइन टाकली गेली. काकांची सून सातव्या महिन्यात होती, दोन घागरींसाठी उन्हात उभी राहत होती. झडप कधी उघडते याचे काका दिवस मोजत होते. पाहुण्यांच्या हस्ते उघडायचं ठरलं. दोन दिवस आधी ताई परगावी गेलेल्या असताना केंद्राचे साहेब फेरी मारायला आले आणि टाकीत वाकले. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

"काका, या पाट्या आहेत का तवे?"

"त्यांचा रंगच तसा आहे साहेब."

"रंग कसला? काजळी आहे ही. पाहुणे म्हणतील, हे असलं पाजता लोकांना?"

"ताई सांगून गेल्यात, ब्रश लावायचा नाही म्हणून."

"ताई नळाचं पाणी पिणार आहेत का? तुमची सून पिणार आहे. तिच्यासाठी तरी स्वच्छ नको?"

काकांनी बाह्या वर सारल्या. दुबळी जागा बरोबर हेरण्यात असल्या लोकांचा हात कुणी धरणार नाही. कामाची जागा मात्र त्यांना आयुष्यभर सापडत नाही.

मग तारेचा ब्रश आला, भांडी घासायची पूड आली. काकांनी दिवसभर बसून चाळीसच्या चाळीस जणींना खरवडलं. लेप सगळा गटारात वाहून गेला. सर्वांत शेवटी मी. तोवर ब्रशच्या तारा वाकल्या होत्या, मला त्यांनी पूड लावून सुती फडक्यानं घासून घासून पुसलं, जीव लावून, म्हणून माझा लेप तेवढा त्या फडक्यात राहिला. आणि आता माझीही लाज सांगते. मी उजेडात पांढरी चमकले तेव्हा मला बरं वाटलं. साहेब म्हणाले, "वा, आता शोभताय," आणि मी सुखावले. दुसऱ्यांना नावं ठेवणारी मी, तीही त्याच माळेतली.

वर गंमत अशी की आमच्यातून पाणी पूर्वीपेक्षा जोरात वाहू लागलं. साहेबांनी मीटरवर टिचकी मारली. "बघा, नाक मोकळं झालं!"

ठरल्या दिवशी पाहुणे आले. साहेबांनी मला हातात धरून फोटो काढून घेतला आणि मग ते सगळ्यांदेखत ग्लासभर पाणी प्यायले. पाणी काचेसारखं होतं. असणारच, गाळ आम्ही अजूनही अडवत होतो. तेवढ्यात ताई आल्या, थेट बसस्थानकावरून, खांद्याला पिशवी तशीच. माझ्याकडे पाहून त्यांचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही.

"साहेब, पाटी जरा इकडे द्या."

त्यांनी माझ्यावर थेंब टाकला. थेंब अंगावरून ओघळला आणि फरशीवर पडला. बाकी काही नाही.

"बघा," साहेब पाहुण्यांना म्हणाले, "काहीही झालं नाही. म्हणजे किती स्वच्छ." पाहुण्यांनी माना डोलावल्या. मित्रांनो, त्या माना आठवल्या की मला अजून आश्चर्य वाटतं, इतकं हलकं डोकं धरायला त्या लागतातच कशाला.

ताई काकांकडे वळल्या. "काका, हिला पुसलंत कशानं?"

काकांनी बादलीच्या कडेवरचं फडकं पुढे केलं. ताईंनी त्यावर थेंब टाकला. फस्स करून फेस उसळला आणि काकांच्या बोटांवरून खाली आला.

"काम करणारी पाटी अशी फेसाळते," ताई म्हणाल्या. "आता पाट्यांत काही उरलेलं नाही. आहे ते या फडक्यात."

काकांना सगळ्यांच्या आधी कळलं. "म्हणजे औषधं सरळ जाणार?"

"सरळ. तुमच्या घरच्या घागरीत."

काका झडपेपाशी गेले आणि चाकावर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. साहेबांचा आवाज बारीक झाला. "काका, पाहुणे खोळंबलेत. उघडा आता."

"नाही उघडणार."

"कुणाच्या परवानगीनं?"

"घासलं तुमच्या परवानगीनं," काका म्हणाले. "हे माझ्या मनानं."

पाहुणे चहा पिऊन गेले. साहेबांनी मला टेबलावर आदळलं, माझा कोपरा उडाला. टाकी बंद ठेवून बहिणींना परत भट्टीकडे पाठवलं, पुन्हा लेप दिला, त्या काळ्या होऊन कामाला लागल्या. तुटकी म्हणून मी मागे राहिले. या सगळ्याला चार महिने लागले. तेवढे दिवस काका दुसऱ्या केंद्राच्या लांबच्या नळावरून सुनेसाठी खांद्यावर पाणी वाहत होते, आणि वस्ती त्यांनाच टोमणे मारत होती, "दारात आलेलं पाणी यानंच अडवलं." पाचव्या महिन्यात ताईंनी सगळ्या पाट्यांवर थेंब टाकून पाहिला, मग काकांनी झडप फिरवली. तेव्हा पाहुणे नव्हते, फोटोही नव्हता. साहेबांचा तो जुना फोटो मात्र कचेरीत अजून लटकतोय, आणि येणारे जाणारे म्हणतात, पाटी काय सुरेख आहे.

त्याला सात वर्षं झाली. फडक्यातला लेप आजही तितकाच जागा आहे. मी आजही तितकीच गोरी आहे.

मोठ्या माणसांना सांगून उपयोग नाही, म्हणून तुम्हाला सांगते. उरलेलं औषध मोरीत ओतू नका, आणि काही काळं दिसलं की ब्रश उचलण्याआधी कुणा जाणत्याला विचारा. तुम्ही ऐकाल असं मला फारसं वाटत नाही. पण गेल्या आठवड्यात सहलीतली एक मुलगी माझ्याकडे न बघता थेट बशीवर वाकली.

"हे काळं काय आहे?"

ताई थबकल्या. "तू कुणाची गं?"

"टेकडीखालच्या वस्तीतली. माझे आजोबा इथे पंपावर होते."

ताईंनी पेरॉक्साइडची बाटली तिच्या हातात दिली. तिनं फडक्यावर थेंब टाकला, फेस आला, ती हसली. मग तिनं एक थेंब माझ्यावरही टाकला आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाट पाहिली. बाकीची मुलं पुढच्या खोलीत गेली तरी ती थांबली. शेवटी तिनं बाहीनं मला पुसलं.

"ताई," ती म्हणाली, "हिला परत काळी करा ना."