अठ्ठावन्न तोंडांचं वाचन

जुईनगरच्या त्या इंग्रजी शाळेत शिकवणं कानाने मोजलं जाई. शाळा म्हणजे इमारतीखालचे चार दुकानगाळे. शटर वर गेलं की प्रार्थना, खाली आलं की सुट्टी. मुख्याध्यापक बाजीराव सर पहिल्या गाळ्यात कान टवकारून बसत. आवाज येतोय तिथे ज्ञान चाललंय, शांतता आहे तिथे मिस झोपलीय, असं त्यांचं साधं गणित. म्हणून सिनिअर केजीच्या क्रांती मिस अठ्ठावन्न पोरांकडून धडा एकसुरात ओरडून घेत. पालकही खूश. पोरांचा आवाज पार भाजीवाल्यापर्यंत पोचायचा, आणि तोही इंग्रजीत!

आफरीनची हादिया त्या अठ्ठावन्नांतली एक. मार्चमध्ये चिठ्ठी आली : शनिवारी प्रत्येक मूल सरांसमोर एकट्याने एक पान वाचेल. जमलं नाही तर आणखी एक वर्ष केजीतच.

आफरीनने पुस्तक उघडलं. "वाच गं माझी बाय."

हादियाने पानाकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. "अम्मी, बाकीचे कुठायत?"

"कोण बाकीचे?"

"ते सुरू करतात ना. मग मी."

आफरीनचा नवरा नझीर उरणला कंटेनरच्या गोदामात कामाला होता. संध्याकाळी आल्या आल्या त्याने बाकीच्यांची जागा घेतली. "द हेन इज ऑन द बॉक्स!" हादिया किंचित मागून, पण खणखणीत. मग नझीरला खोडी सुचली. "द हेन इज ऑन द कंटेनर!" पोरीने 'बॉक्स'वर बोट ठेवून तितक्याच खणखणीतपणे कोंबडी कंटेनरवर चढवली.

नझीर हसून हसून आडवा झाला. आफरीनने पुस्तक मिटलं.

"हसताय काय? पोरगी वाचत नाहीये. ऐकतेय नुसती."

तिचं स्वतःचं इंग्रजी दहावीपुरतं, तेही घाबरत घाबरत शिकलेलं. तिला एवढंच सुचलं की आपण गप्प बसायचं. रोज दुपारी लेकीला मांडीत घेऊन ती शब्दाखाली बोट धरी आणि ओठ मिटून घेई. आईला याहून अवघड काम नाही. शब्द जिभेवर येऊन बसायचा, ती गिळून टाकायची. भात दोनदा करपला. तिसऱ्या दिवशी मांडीतून आवाज आला, "र... रे... रेड."

"म्हणजे काय गं?"

हादिया उठली आणि स्वयंपाकघरातून एक सुकी मिरची घेऊन आली. आफरीनने तिची बोटं धुतली आणि एकेका बोटाची पापी घेतली.

शनिवारी आया मागच्या बाकांवर बसल्या. पहिला नंबर कैफचा. त्याने बाराव्या पानावर नजर रोवून नववं पान एका दमात म्हटलं. "एक्सलंट!" सर म्हणाले.

मग हादिया. शांतता. सरांचे कान अस्वस्थ झाले. क्रांती मिसने सवयीने सूर लावला, "द..."

"मिस, थांबा ना. मी वाचते."

आणि ती वाचू लागली. एकेक शब्द उचलून, तपासून, पुढे. सरांनी दोनदा घड्याळ पाहिलं. चौथ्या ओळीवर ती थांबली.

"अडली," सर म्हणाले.

"नाही सर. इथे डॉग लिहिलंय. द डॉग इज वेट. पण चित्रात तर बकरी आहे."

सरांनी पुस्तक ओढून घेतलं. बकरीच होती, दाढीसकट. छापखान्यात चित्रं बदलली होती. तीन वर्षं अख्खी केजी बकरीकडे बघून डॉग ओरडत होती. पुस्तक शाळेचंच, मुखपृष्ठावर लेखक म्हणून बाजीराव सरांचंच नाव.

"ही फार सावकाश वाचते," पुस्तक मिटत सर म्हणाले. "आणि मध्ये बोलते. एक वर्ष थांबू दे हिला."

आफरीन बाकावरून उठली. पण बोलल्या त्या क्रांती मिस, आणि कधी नव्हे इतक्या हळू आवाजात.

"सर, अठ्ठावन्नांत वाचणारी एवढी एकच सापडलीय. तीच नापास केली तर पहिलीत काय फक्त आवाज पाठवायचा?"

सरांनी पेनाचं टोपण काढलं. मग प्रगतिपुस्तकात लिहिलं : 'वेग कमी. बडबड. पास.'

सुट्टी लागायला अजून पंधरा दिवस होते. सोमवारी आफरीन लेकीला सोडून भाजीवाल्यापाशी थांबली. शाळेने चूक तत्परतेने सुधारली होती. पुस्तक तेच होतं, सूर नवा होता : "द गोट इज वेट!"

त्या गजरात एकच बारीक आवाज मागे राहिला, सावकाश, पानावर बोट ठेवून : "डॉग."

आफरीनने एक जुडी कोथिंबीर जास्तच घेतली.