पायी गिऱ्हाईक

थेंब... आणखी एक थेंब. समोरच्या पांढऱ्या गाडीच्या पोटाखालून एसीचं पाणी टपटपत होतं, डांबरावर पंजाएवढा ओला डाग पसरत होता आणि जानकी त्याच्याकडे अशी टक लावून बघत होती, जणू तो वाळला तर सगळंच बिनसेल. गाडी सरकली की डाग मागे उरायचा, मग ती चार पावलं टाकून बरोबर त्याच्यावर जाऊन उभी राहायची – ही माझी जागा. पुढे गाडी, मागे गाडी, मध्ये मी... पायात चप्पल, हातात कापडी पिशवी, तोंडावर एकावर एक दोन मास्क. गाड्यांच्या रांगेत एक मुलगी. एरवी मैत्रिणींना हे सांगताना मी हसून हसून लोळले असते.

सुरुवातीला तिला स्वतःची ही आयडिया झकासच वाटली होती. मरोळच्या या मालवणी खानावळीत बसून जेवण केव्हाचं बंद, फक्त पार्सल चालू. पण दारात गर्दी जमते म्हणून पोलीस दम देऊन गेले, तेव्हापासून मालकाने नियमच काढला होता – गाडीत बसून या, काच खाली करा, काय हवं ते सांगा, पार्सल काचेतूनच घ्या. हे तिला माहीत असायचं कारणच नव्हतं. ती आपली नेहमीसारखी थेट गल्ल्यापाशी गेली, आणि सीताराम वेटरने तिला दुरूनच हात दाखवून थांबवलं.

"पायी गिऱ्हाईक बंद, बाय."

"मग ज्याच्याकडे गाडी नाही त्याने जेवायचं नाही का?"

"माका काय इचारतंस? गाडी घेवन ये, नायतर रिक्षा कर. हंय उभी रवलंस तर पोलीस माझो कान पकडतले."

त्याच्या तोंडापुढची प्लास्टिकची ढाल श्वासाने धुरकटली होती, त्याचे डोळे नीट दिसत नव्हते. रिक्षा कर म्हणे. रिक्षावाल्याच्या पाठीमागे, हातभर अंतरावर, मी बसणार... नाही. रिक्षा नकोच. का नको ते तिने सीतारामला सांगितलं नाही. मुकाट्याने वळली आणि रांगेच्या शेवटी गेली, दोन गाड्यांच्या मध्ये उभी राहिली. गाडी म्हणून.

का नको ते ती सकाळपासून स्वतःलासुद्धा फारसं सांगत नव्हती. म्हणजे आई पॉझिटिव्ह आहे, हे माहीतच होतं सगळ्यांना, अख्ख्या बिल्डिंगला; ग्रुपवर 'तिसऱ्या मजल्याने कृपया सहकार्य करावे' असं पडलं होतं, खाली जोडलेल्या हातांची ओळच्या ओळ. आई आतल्या खोलीत, दार बंद. बाबा आजोबांना बघायला कणकवलीला गेले ते तिथेच अडकले. आणि जानकी बाहेरच्या खोलीत, एकटी, रोज कुकर लावणारी, दारात ताट ठेवून लांब पळणारी, आणि थोड्या वेळाने तेच ताट, तसंच, भातावर साय धरल्यासारखं कोरडं झालेलं, उचलून आणणारी. चव नाही गं, वास नाही, गिळवत नाही... आईचा आवाज दाराच्या फटीतून यायचा तो रोज थोडा कमी जागेतून यायचा. आणि आज सकाळी एकदम – "जानू, तिसऱ्यांचं सुकं खावंसं वाटतंय बघ, खोबऱ्यातल्या त्या शिंपल्या. त्या मरोळच्या खानावळीतलं. वास नाही येणार, पण तिखट तरी कळेल की जिभेला. वॉचमनला सांग, कुणालातरी धाडेल."

खावंसं वाटतंय! जानकीने स्वयंपाकघरात आवाज न करता उड्या मारल्या होत्या.

खानावळीची घरपोच सेवा बंद. पोचवणाराच गावी गेलेला. वॉचमन म्हणाला, तुमच्या मजल्याचं काही हातात घ्यायचं नाही असं सेक्रेटरींनी सांगितलंय. मग? मग मीच. ऑनलाइन वक्तृत्व स्पर्धेत पहिली आलेली मी, वर्गात कधी हात वर न करणारी आणि पडद्यासमोर एकदम तोंड फुटलेली मी, हल्ली कुणालाही काहीही सणसणीत सांगू शकते, असं माझं मत होतं. लिफ्टचं बटण दाबायला नको म्हणून ती जिन्याने उतरली, माणूस दिसला की श्वास रोखून रस्त्याच्या दुसऱ्या कडेला गेली. आईला वाटत होतं ती घरातच आहे. आणि तिच्या स्वतःच्या नाकात काल पालिकेचे लोक ती लांब काडी घालून गेले होते, त्याचा रिपोर्ट आज संध्याकाळपर्यंत यायचा होता.

हे. हे ती सांगत नव्हती.

तिने आवंढा गिळून बघितला. घसा ठीक. की थोडा... नाही, ठीक. खानावळीतून भाजलेल्या खोबऱ्याचा वास आला आणि तिला इतकं हायसं वाटलं की पिशवी हातातून निसटली – येतोय, मला वास येतोय! पण मग लगेच वाटलं, दोन दोन मास्कमधून? खरंच येतोय, की लहानपणापासून इथे येत असल्यामुळे नुसता आठवतोय? तिने पुन्हा नाक ओढलं. आता काहीच नाही. फक्त कापडाचा आणि स्वतःच्या श्वासाचा गरम वास – म्हणजे वास येतोच आहे ना? की तोही...

पॅंऽऽ!

मागच्या लाल गाडीतला माणूस काच उतरवून ओरडला, "ए मुली, ही लाइन गाड्यांची आहे!"

"मग मी कुठे मध्ये घुसलेय? नंबरानेच उभी आहे."

"अगं पण तुझी गाडी कुठाय?"

"अजून घ्यायचीय!" हे तिच्या तोंडून आपोआप निघालं. तो माणूस हसला की चिडला, मास्कमुळे कळलं नाही. पण पांढऱ्या गाडीतून मात्र खळखळून हसू ऐकू आलं. चालवणाऱ्या बाईंनी खिडकीतून मान बाहेर काढून मागे पाहिलं.

"काय गं, पायी आलीस म्हणून देत नाहीत का तुला?"

"हो ना काकू."

"काय पण नियम एकेक! ये, माझ्या गाडीत बस. गाडीतली झालीस की देतील गपचूप."

आणि मागचं दार उघडलं. ते बाईंनी नाही, मागे बसलेल्या एका आजोबांनी उघडलं. पांढरा झब्बा, मास्क नाकाखाली घसरलेला. ते सरकून पलीकडे झाले आणि रिकामी सीट त्यांनी हाताने थोपटली – बस बाळ. आतली गार हवा जानकीच्या गुडघ्यांना लागली. केवढी गार...

"नको, मी उभी राहते."

"अगं लाजतेस काय? उन्हात करपशील. बस."

"बस ना यार," लाल गाडी ओरडली, "लाइन सरकू दे!"

आत्ता या क्षणी बसता येईल. कुणाला काय कळणार आहे? दोन मास्क आहेत. श्वास रोखून धरीन, खिडकीकडे तोंड करून बसेन, पाचच मिनिटं... आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला तर काहीच झालेलं नसेल, हे सगळं घडलंच नसेल. आईला तिसऱ्या मिळतील. आणि खरं सांगितलं तर सीताराम हाकलून देईल, कुणी व्हिडिओ काढेल, बिल्डिंगला कळेल, आईचं ताट पुन्हा तसंच... आजोबा अजून सीट थोपटत होते. त्यांच्या हातावरच्या निळ्या शिरा फुगलेल्या होत्या, आणि मास्कच्या वर नाक कसं उघडं, बेसावध, लहान मुलाचं असतं तसं. तिने मनात वाक्य जुळवायला घेतलं, स्पर्धेआधी जुळवायची तसं – 'काकू, तुमचे आभार, परंतु...' – आणि ते जुळेचना. सगळे शब्द कसे पडद्यासमोर उभं राहून बोलायचे होते. इथे पडदा नव्हता. इथे नुसतं एक उघडं दार.

"दार लावा काकू."

"काय?"

"दार लावून घ्या. आजोबांना मास्क वर करायला सांगा." आवाज फाटला, पण थांबला नाही. "माझी आई पॉझिटिव्ह आहे. माझा रिपोर्ट यायचाय अजून. मला बसता येणार नाही. तिला फक्त तिसऱ्यांचं सुकं हवंय."

आजोबांचा हात सीटवर तसाच राहिला, उताणा. मग दार लागलं, जड गाड्यांची दारं लागतात तसं, मऊ आणि घट्ट. काच वर गेली. तिच्यात जानकीला स्वतःचे फक्त डोळे दिसले. मागून गिअर पडल्याचा आवाज आला – लाल गाडी रिव्हर्स घेत होती, तिच्या मागची, तिच्याही मागची. कुणीतरी 'अरे बापरे' म्हणालं. रांगेने तिच्यामागे श्वास आत ओढून घेतल्यासारखं झालं.

पांढरी गाडी पुढे सरकली, खानावळीच्या दाराशी पोचली. सीताराम वाकला. काच इतकीशीच उघडली, आतून बाईंचा हात बाहेर आला आणि त्याने मागे, जानकीकडे बोट केलं. सीतारामने ढाल वर करून तिच्याकडे पाहिलं. बाई काहीतरी बोलत होत्या... बराच वेळ बोलत होत्या. ती मुलगी बघा, हाकला तिला? की, ती मुलगी बघा, तिला द्या? बोट तर दोन्हीसाठी तेच असतं.

पळावं का? पाय तयार होते. गुडघ्यांना अजून ती गार हवा आठवत होती. तिने मागे पाहिलं, पुढे पाहिलं. मघाशी दोन बंपरांच्या मध्ये ती चिंचोळी होऊन उभी होती. आता तिच्यासाठी पुढे, मागे, आजूबाजूला डांबर मोकळं पडलं होतं – बरोबर एका गाडीएवढं. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. आणि छातीत सकाळपासून जे गच्च आवळून धरलेलं होतं ते कुठे गेलं कुणास ठाऊक. भीती होती, तेवढीच होती, पण आता ती लपवायची नव्हती, नुसती सोबत होती.

सीताराम आत गेला. का गेला ते कळायला मार्ग नव्हता.

पांढरी गाडी दारापासून पुढे सरकून थांबली. डांबरावर तिचा डाग अजून ओला होता, कडांनी वाळायला लागलेला. माझा नंबर होता. मी चालत गेले आणि त्याच्यावर उभी राहिले.