ओले मोजे

बाबांनी ग्लास गर्रकन फिरवला, आत नाक खुपसलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! फर्मास."

तळघरातली पिंपं दाखवणाऱ्या मालकीणबाईंचा चेहरा असा खुलला की विचारू नका. मोठ्या कंपनीत वाइन चाखून पास-नापास करणारा माणूस सुट्टीला म्हणून त्यांच्या दारात आला होता. तो फर्मास म्हणाला, म्हणजे झालंच की!

शेजारी उभ्या मुलीनं तोच ग्लास हळूच हुंगला. प्यायची बंदी होती, पण हुंगायला तिला बाबांनीच शिकवलं होतं, अगदी स्टुलावर चढून ओट्यापर्यंत पोचायची तेव्हापासून. ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास. बूच खराब, बाटली वाया. हा वास बाबा झोपेतसुद्धा ओळखायचे.

म्हणजे तिची शंका खरी होती. मागच्या महिन्यातल्या तापानं बाबांचं नाकच नेलं होतं. आणि सोमवारी ते कामावर रुजू होणार होते.

घरात तिला सगळे 'रेडिओ' म्हणत. पण आज रेडिओनं तोंड उघडलं नाही. बाबांच्या कोपराला फक्त एक सणसणीत चिमटा काढला.

बाबा जरासे थबकले. मग मोठ्यानं हसले.

"फर्मास कुबट आहे हो! बघत होतो, कुणी बोलतंय का."

मालकीणबाईंनी ओशाळून दुसरी बाटली उघडली. आई आपली कमानींचे फोटो काढण्यात गुंग.

संध्याकाळी आई जुन्या दगडी पुलावर किल्ला टिपत होती, तेव्हा बापलेक खाली नदीच्या पायऱ्यांवर बसले.

"कधीपासून माहितीये तुला?"

"दूध करपलं आणि तू शेजारी पेपर वाचत बसलास, तेव्हा शंका आली. आज खात्री."

"आईला बोललीस?"

"छे! रेडिओचे सेल काढून ठेवलेत."

बाबा हसले, पण अर्धवटच. "डॉक्टर म्हणतात, येईल. कधी, ते त्यांनाही माहीत नाही. नाहीच आलं तर? मला दुसरं येतं काय गं?"

"स्वयंपाक तर नाहीच," ती म्हणाली. "पण सोमवारी साहेबांना खरं सांगून टाक. रोज चिमटे काढायला मी कुठून येणार?"

"सांगतो," बाबा म्हणाले, आणि इतके दिवस कानाला टेकलेले त्यांचे खांदे एकदाचे खाली आले.

ते बघून ती उड्या मारतच उठली, शेवाळावरून सटकली आणि बुटांसकट गुडघाभर पाण्यात उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर उन्हानं गाडी चांगलीच तापली. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे. बुटांचा दुसरा जोड आणलाच नव्हता. आई पुढच्या सीटवर पेंगत होती, म्हणून तिनं मागे गुपचूप ओलसर बूट काढून मोज्यांतले पाय मोकळे केले.

थोड्या वेळानं गाडी चालवणाऱ्या बाबांनी मान ताठ केली. नाकपुड्या फुलल्या. एकदा, परत एकदा. मग त्यांनी काच खाली केली.

आई दचकून जागी झाली. "अहो, केवढा वारा! लावा ती काच."

"आधी तुझ्या लेकीला बूट घालायला सांग," बाबा म्हणाले. आणि पुन्हा एक खोल श्वास घेतला. "मेलेला उंदीर परवडला!"

एरवी रेडिओनं आकाशपाताळ एक केलं असतं. आज तिनं दोन्ही पाय उचलले आणि अलगद पुढच्या दोन सीटच्या मध्ये नेऊन ठेवले.

बाबांनी काच लावून घेतली.